राज्यशास्त्राचं पुढचं पान

चि. विशाल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपला दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहायलोय. घरच्या ग्रुपवर तू मोठेबाबांना 'सेक्युलर, निधर्मी' म्हणालास आणि तेच स्टेटसला ठेवलंस. त्यांनी उत्तर दिलं नाही. अर्धी भाकर ताटात तशीच ठेवून उठले. ते स्टेटस काढ बाबा. भरतीत चारित्र्य पडताळणी असते. एवढं सांगून हा विषय संपवतो.

तुझा मुद्दा खोटा नाही. 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द घटनेच्या उद्देशिकेत 1976 साली, आणीबाणीत, 42व्या घटनादुरुस्तीने आले. 1948 मध्ये के. टी. शहांनी 'सेक्युलर' घालायची सूचना मांडली होती, ती संविधान सभेने नाकारली. हे तुझं तू शोधून वाचलंस, म्हणून मला बरं वाटलं. आपल्या घरात इतकं वाचणारं दुसरं कोणी नाही. पण पुढचं पान का सोडलंस? अनुच्छेद 25 ते 28 पहिल्यापासून आहेत, आणि 25 मध्ये 'सेक्युलर' हा इंग्रजी शब्दही मुळातच आहे, ऐहिक व्यवहार या अर्थाने. पूजा ज्याची त्याची, पण धर्माशी जोडलेल्या पैशाअडक्याच्या व्यवहारावर सरकार कायदा करू शकतं. 28 प्रमाणे निव्वळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. 1994 च्या बोम्मई निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूळ चौकटीतच धरली. यात माणसाने देव सोडावा असं कुठं आहे? निरपेक्ष राहायचंय ते सरकारला. निधर्मी म्हणजे धर्म न मानणारा. मोठेबाबा रोज हरिपाठ म्हणतात रे.

वर्ग घेतल्यासारखं झालं, रागावू नको. मास्तरकीची सवय.

रझाकारीत आज्याला घरदार सोडून वऱ्हाडात जावं लागलं, ते मोठेबाबांनी लहानपणापासून ऐकलंय. त्यांना इतिहास माहीत नाही असं तू कसं लिहिलंस? तरी परभणीच्या उरसात ते दरवर्षी जायचे, तुलाही न्यायचे. एकदा तू मोठ्या पाळण्यासाठी हट्ट धरलास. त्यांना उंचीची भीती, तरी बसले. पाळणा वर गेला की डोळे गच्च मिटायचे, पण एक हात तुझ्या पोटाशी घट्ट धरलेला. खाली आल्यावर तू म्हणालास, अजून एकदा. परत बसले! मी खाली उभा राहून बघत होतो.

स्टेटस 24 तासांनी आपोआप जातं म्हणशील. पण तू काल परत ठेवलंस, आणि कोणी स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलं तर? गुन्हा दाखल व्हायला काय लागतं आजकाल. तीन वर्षं पहाटे उठून मैदानावर पळतोस तू. मला रात्री झोप लागत नाही. विषय संपवतो म्हणालो होतो, संपत नाही.

तुझी मतं बदल असं मी म्हणत नाही. वाद घाल, चांगला घालतोस.

मोठेबाबांच्या छातीत दुखतंय. शनिवारी नांदेडला दाखवायला नेतोय. तू पेपर सोडून येऊ नको. फोन मात्र त्यांच्याच नंबरवर कर, माझ्याकडे निरोप ठेवू नको. दुपारी झोपतात, चारनंतर कर.

तुझे
पप्पा