पुसू नये

सातारा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो बाबा, बघतो" म्हणतोस आणि विषय तिथंच संपतो, म्हणून लिहितोय.

परवा शेजारच्या काकूंनी मोबाइल पुढे केला. "हे तुमच्या निखिलचंच ना?" तुझी जाहिरात होती: दूरदर्शनचे जुने मराठी कार्यक्रम, पेनड्राइव्ह ४९९ रुपये, कुरिअर वेगळं. खाली कॅसेटींचा फोटो, आणि त्यातल्या एकीवर लाल बॉलपेननं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "पुसू नये". तुझ्या काकानं एकदा नाटकावर क्रिकेटची मॅच भरली होती, तेव्हापासून मी सगळ्या कॅसेटींवर ते लिहायला लागलो.

बुरशी आलेल्या फिती तू साफ केल्यास, भंगारात निघालेला व्हीसीआर चालू केलास, याचं मला कौतुकच आहे. आम्ही व्हीसीआरचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब झालं की कोरी नोट फिरवायचो आणि देवाचं नाव घ्यायचो. पण विकणं ही वेगळी गोष्ट आहे, बाळा.

मी कोर्टात कारकुनी केली, वकिली नाही. तरी १९५७ चा कॉपीराइट कायदा एवढा तरी वाचलाय. त्याच्या कलम ३९ मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला मुभा आहे. म्हणजे रात्री नऊचं नाटक भरून ठेवून मी रविवारी बघितलं, त्यात गुन्हा नव्हता. त्याच रेकॉर्डिंगच्या प्रती काढून विकल्या की ती मुभा संपली. कॅसेट माझी आहे, नाटक माझं नाही. वाड्याची किल्ली हातात आहे म्हणून वाडा विकता येत नाही, तसंच.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. एवढे जुने कार्यक्रम, आता कोण विचारतंय? प्रसारण करणाऱ्याचा हक्क २५ वर्षांचा, हे तू कुठंतरी वाचलं असशील, आणि ते बरोबरही आहे. पण मूळ कार्यक्रमाचा हक्क त्याहून निराळा. कायद्याच्या लेखी व्हिडिओ कार्यक्रमही चित्रपटातच मोडतो, आणि त्याची मुदत पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. म्हणजे १९८९ साली पहिल्यांदा लागलेली मालिका २०४९ संपेपर्यंत कोणाच्या तरी मालकीची आहे. तेव्हा मी नसेन, तू माझ्या आजच्या वयाच्या आसपास असशील. आणि बाजारात ती मिळत नाही, म्हणून विकायचा हक्क आपल्याकडे येत नाही.

तुझ्या जाहिरातीखाली "फक्त आठवणींसाठी, हक्क मूळ मालकाचे" असं लिहिलंय. हे तर तू स्वतःच कबूल करून ठेवलंस! अमेरिकेत १९८४ साली सुप्रीम कोर्टानं व्हीसीआरच्या बाजूनं निकाल दिला, हेही तू सांगशील. तो निकाल पाच विरुद्ध चार असा लागला, आणि तोसुद्धा घरात भरून नंतर बघण्यापुरता. दुकान लावण्याबद्दल नव्हता.

कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. न्यायाधीश हे कमी करू शकतात, पण गुन्हा धंद्यातल्या फायद्यासाठी केलेला नसेल तरच. तू तर भाव लावलायस. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही, असं आपल्या सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय. फौजदाराला वॉरंटशिवाय प्रतींबरोबर प्रती काढायचं साधनही जप्त करता येतं, म्हणजे तुझा लॅपटॉपही.

आमच्याकडे एका व्हिडिओ लायब्ररीवाल्याची केस होती. मुद्देमालाच्या खोलीत दोन गोण्या कॅसेटी, त्यावर लाखेची सीलं. तो दर तारखेला अकरा वाजता डबा घेऊन यायचा आणि बाकावर बसून राहायचा. पहिल्या वर्षी आम्हाला चहा विचारायचा, पुढं पुढं विचारेनासा झाला. पावसाळ्यात खोलीला ओल यायची. एकदा पंचनाम्याशी नग जुळवायला गोणी सोडली, तर कॅसेटींची खोकी एकमेकांना चिकटलेली. त्यानं लांबूनच पाहिलं, जवळ आला नाही. माणूस वाईट नव्हता रे. लोक मागतात म्हणून देत होता.

जाहिरात आज रात्रीच काढ. ज्यांचे पैसे आलेत त्यांना परत कर, कमी पडले तर मी देतो. तुला हे काम आवडतंच आहे तर लोकांच्या स्वतःच्या लग्नामुंजीच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून दे. इथं घरटी दोन-चार निघतील, काकूंच्याच कपाटात तीन आहेत.

दिवाळीला येताना व्हीसीआर आण. आईला ते गुरुवारचं नाटक परत बघायचंय. आणि सात नंबरची कॅसेट कोणाला दिली असशील तर त्यांचे पैसे आधी परत कर. तिच्यात शेवटची दहा मिनिटं नाहीत, दिवे गेले होते.

तुझे,
बाबा