चहाला बोलावलं आणि स्टू वाढला

लिव्हरपूल,
रविवार, १ मार्च २०२६

ती. आई-बाबांना सा. न.

आई, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी आजारी नाही. मागच्या रविवारी व्हिडिओवर माझं वाडगं बघून "ह्या काय गो, पेज पितंस?" म्हणालीस, ती पेज नव्हती. स्टू होता, फसलेला. मागून बाबांचा आवाजही ऐकला, "वजन विचार तिचं." वजन ५८ आहे, निघाले तेव्हा ५५ होतं. झालं समाधान? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. बाबा, मोठ्याने वाचा, आजीलाही ऐकू दे.

हा स्टू माझ्या डोक्यात कुठून शिरला ते सांगते, पण त्यासाठी इथला एक प्रकार समजावावा लागेल. इथे "टी" म्हणजे चहा नव्हे. म्हणजे चहाही असतो, पण संध्याकाळी पाच-साडेपाचला जेवतात त्या जेवणालाच टी म्हणतात. दुपारच्या जेवणाला डिनर. रात्री झोपण्याआधी टोस्ट वगैरे खाल्लं तर ते सपर. आमच्या वॉर्डात लंडनकडचे एक डॉक्टर आहेत, ते मात्र रात्रीच्या जेवणाला डिनर म्हणतात. त्यामुळे कोणी डिनरला बोलावलं की मी आधी किती वाजता ते विचारते. डिसेंबरात शेजारच्या आजींनी मला "टी"ला बोलावलं. मी आपली भात-पिठलं पोटभर जेवून, बिस्किटांचा पुडा घेऊन गेले. बघते तर टेबलावर काटे-चमचे, लाल कोबीचं लोणचं, पाव, आणि हे एवढं थोरलं पातेलं. पोट भरलंय म्हणाले तर आजींना वाटलं मला त्यांचं जेवण चालत नाही. मग जेवले की दुसऱ्यांदा! आणि एवढं सगळं "टी" म्हणून वाढल्यावर बरोबर मगभर चहा होताच.

त्या पदार्थाचं नाव स्काउस. जुन्या बंदरांवरच्या खलाशांचं खाणं, लॉबस्काउस. त्यावरून इथल्या माणसांनाच स्काउसर म्हणतात. मटण, कांदा, गाजर, बटाटा, मीठ, मिरी, बस्स. वाटण नाही, फोडणी नाही. (बीफ घालतात, हो. मी कोकराचं घालते. सोमवारी बिनमटणाचा करते, त्याला आंधळा स्काउस म्हणतात. पुढचा प्रश्न नको.) आणि तरी रस असा दाट, मिळून आलेला, की चमच्याला धरून राहतो.

माझा मिळून येईना. घाईत सगळे बटाटे शेवटी टाकले, तेही सॅलडचे, जे कितीही शिजवा, विरघळत नाहीत. खाली फोडी, वर पाणी. मग कॉर्नफ्लॉवर कोरडाच उकळत्या पातेल्यात भुरभुरवला, त्याच्या साबुदाण्याएवढ्या गुठळ्या झाल्या. बाहेरून शिजलेल्या, आत कोरडं पीठ. तेवढ्यात तुझा फोन.

शेजारच्या आजींनी तो स्टू पाहिला आणि हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांचं म्हणणं, अर्धे बटाटे बारीक चिरून पहिल्यापासून मटणाबरोबर टाकायचे, ते विरून रसात जातात. उरलेले मोठ्या फोडी करून शेवटच्या पाऊण तासात, ते खायला. बटाटा पिठूळ हवा. आच मंद, दोन-अडीच तास, झाकण थोडं उघडं. मटणाच्या सांध्याजवळचा चिवट भाग विरघळतो, त्यानेही रसाला अंग येतं. अगदीच घाई असेल तर चमचाभर कॉर्नफ्लॉवर दोन चमचे गार पाण्यात कालवून ओतायचा आणि मिनिटभर उकळू द्यायचा, नाहीतर कच्चट लागतो. मैदा घेतला तर दुप्पट.

आणि मला हसू आलं गं. तू काळ्या वाटाण्याची उसळ करतेस तेव्हा पळीभर वाटाणे पातेल्याच्या कडेला ठेचून परत रसात सोडतेस. हेच की! सत्तावीस वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि मी लिव्हरपूलला येऊन शिकले.

काल २८ फेब्रुवारी, इथला स्काउस दिवस. मी वॉर्डात मोठा डबा नेला. थोडासा लालबागचा मसाला घातला होता, कोणी विचारलं नाही, डबा धुऊनच परत आला.

हसू नका, पण वॉर्डात माझं अर्धं काम घट्ट करण्याचंच आहे. स्ट्रोक झालेल्या बऱ्याच माणसांना पातळ पाणी नीट गिळता येत नाही, ते श्वासनलिकेत उतरतं. म्हणून पाण्यात, चहात पावडर घालून दाट करायचं. पेयाच्या ० ते ४ अशा पायऱ्या असतात. १० मिलीच्या सिरिंजमध्ये भरून १० सेकंद गळू द्यायचं. ४ ते ८ मिली उरलं तर पायरी २. कोणाला कुठली, ते गिळणं तपासणारी बाई ठरवते. परवा एका म्हातारीला चमच्याने असा चहा भरवत होते. ती प्रत्येक घोटाला थँक्यू म्हणत होती.

आई, आजीला चहा पिताना ठसका लागतो असं तू मागेच म्हणाली होतीस. मी तेव्हा "थंडीचं असेल" म्हणाले. ते चुकलं. तिला ताठ बसवून घोट-घोट दे, आडवी असताना नको. आपल्या मनाने पावडर घालू नका. नायर हॉस्पिटलला स्पीच थेरपीचा विभाग आहे, दादाला एक दिवस सुट्टी काढायला सांग. त्याला जमत नसेल तर

तर काय, मी इथे आहे. त्यालाच जावं लागेल.

आता पैशांचं. हॉलचा ॲडव्हान्स म्हणून दीड लाख पाठवलेत, बुधवारपर्यंत दिसतील. बाबा, परत करायची भाषा नको. कर्जाचा हप्ता ५ तारखेला जाईल. दादाच्या लग्नाला मला आठच दिवस मिळाले. मुहूर्त पुढे नेता येणार नाही, १७ मेपासून अधिक महिना, हे मला कळतं; मी तसं सुचवलंही नव्हतं, फक्त विचारलं होतं. हळदीच्या आदल्या रात्री पोचेन आणि पूजा झाली की निघेन. वहिनीच्या साडीचे पैसे वेगळे पाठवते.

मालाडच्या मुलाचा फोटो पाहिला. बरा आहे. त्यांना होही कळवू नका, नाहीही. कारण मी विसा वाढवून घेतलाय, आणखी ३ वर्षांसाठी. जानेवारीतच. सांगायचं राहून गेलं असं लिहिणार होते, पण राहून गेलं नव्हतं.

शिमगा तोंडावर आलाय, पुरणपोळीचे फोटो पाठवू नका.

तुमची,
बेबी

ता. क. मागच्या रविवारी रेंज गेली नव्हती. फोन मी ठेवला. मसाला कुरिअर करू नकोस, एप्रिलमध्ये घेऊन जाईन, दोन किलो सांगून ठेव.