हवेतला ड्रोन हाताने धरताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उतरणारा ड्रोन वरच्या वर एका हाताने अलगद झेलणाऱ्या चालकांच्या छोट्या चित्रफिती हल्ली समाजमाध्यमांवर सर्रास दिसतात आणि त्या पाहून नवशिक्यांना ही गोष्ट ऐटीची व बिनधोक वाटू लागली आहे. मी हवाई छायाचित्रण करतो आणि गरज पडली तर ड्रोन हातात उतरवून घेतोही, त्यामुळे हा प्रकार सरसकट बंद करावा, असे माझे म्हणणे नाही. मात्र ड्रोन हातात आल्यावरही काही क्षण स्वतःला हवेतच समजत असतो आणि त्यानुसार मोटरी चालवत राहतो, हे त्या चित्रफितींत कोणी सांगत नाही. खरा धोका त्या काही क्षणांत असतो.

हाताने धरण्याची गरज कधी पडते, हे आधी सांगितले पाहिजे. होडीचा डेक सतत हलत असतो, भोवती दोर आणि कठडे असतात. शिवाय ड्रोनला परतीची आज्ञा दिली, तर तो सहसा उड्डाणाच्या वेळी नोंदवलेल्या जागी परततो, आणि तोवर होडी पुढे निघून गेल्यामुळे तेथे नुसते पाणी उरलेले असते. वाळूवर किंवा मोकळ्या मातीवर उतरवल्यास पात्यांच्या झोताने उडालेले कण मोटरींत आणि कॅमेऱ्याला स्थिर ठेवणाऱ्या गिंबलमध्ये शिरतात. लहान ड्रोनचा कॅमेरा उतरल्यावर जमिनीपासून जेमतेम बोटभर वर राहतो, त्यामुळे उंच गवत किंवा खडीसुद्धा त्याला पुरेशी घातक ठरते. अशा जागी हाताचा तळवा हीच सर्वांत स्वच्छ धावपट्टी असते, हे मान्य करायला हवे.

आता ड्रोनच्या बाजूने पाहू. त्यातील फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे उड्डाण सांभाळणारा छोटा संगणक, कल व फिरणे मोजणारा जायरोस्कोप, वायुदाबमापक, जीपीएस आणि पोटाखालचे सेन्सर यांच्याकडून सतत माहिती घेतो आणि ठरलेली जागा, उंची व समतोल राखण्यासाठी चारही मोटरींचा वेग दर सेकंदाला शेकडो वेळा बदलतो. आपण त्याला धरून खाली ओढतो, तेव्हा त्याच्या लेखी उंची कमी झालेली असते, म्हणून तो सर्व मोटरींचा वेग वाढवतो. बाजूला ओढले, तर जोरदार वाऱ्याने ढकलले असे समजून तो उलट दिशेला कलतो. एका बाजूने दाबून तिरपा केला, तर खाली गेलेल्या बाजूच्या मोटरी अधिक वेगाने फिरू लागतात, आणि नेमकी तीच बाजू धरणाऱ्याच्या बोटांजवळ असते. मनुष्याचा स्वभाव असा, की हातातली वस्तू निसटू लागली की पकड घट्ट करून ती आणखी ओढायची. ड्रोन त्या ओढीला तितक्याच हट्टाने उत्तर देतो.

शर्यतीच्या व कसरतीच्या एफपीव्ही ड्रोनमध्ये (ड्रोनच्याच कॅमेऱ्याचे दृश्य डोळ्यांसमोरच्या पडद्यावर पाहत उडवायच्या) हे अधिकच तीव्र असते. त्यांची मोटरशक्ती वजनाच्या कितीतरी पट असते आणि चालू स्थितीत हातात धरून ठेवल्यास कंट्रोलर आपल्या कलातली न सुधारणारी चूक साठवत जातो व थ्रॉटल, म्हणजे मोटरींची शक्ती कमी-जास्त करणारी रिमोटवरची दांडी (स्टिक), खाली असतानाही मोटरींचा वेग वाढवू शकतो. असा ड्रोन मोटरी बंद करण्याचे बटण दाबून गवतावर आपटला तरी चालेल, पण हाताने धरू नये. जास्तीत जास्त एखादे पाते मोडेल.

पात्यांच्या वेगाचा अंदाज सामान्य वाचकाला सहसा नसतो. साधारण 24 सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 75 मीटर, म्हणजे ताशी 270 किलोमीटर होतो. प्लास्टिकचे घडीचे पाते अडथळ्याला लागल्यावर बिजागरीवर मागे वळते खरे, पण तोवर कातडी फाटलेली असते आणि पुढचे पाते पाठोपाठ येतेच. मोठ्या ड्रोनची कार्बन फायबरची पाती तर लवतही नाहीत. गायक एन्रिके इग्लेसियास यांनी मे 2015 मध्ये मेक्सिकोतील तिहुआना येथील मैफिलीत प्रेक्षकांना वेगळे दृश्य दाखवण्यासाठी उडता ड्रोन हाताने धरला आणि त्यांच्या बोटांना गंभीर इजा होऊन पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. ही कृती ते आपल्या कार्यक्रमांत अधूनमधून करत असत, म्हणजे त्यांना सवय नव्हती असे नाही.

धरण्याच्या पद्धतीबाबत माझा आग्रह असा, की हे काम दोघांचे आहे. एकाने दोन्ही हात रिमोटवर ठेवावेत आणि दुसऱ्याने केवळ धरण्याचे काम करावे. एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात ड्रोन घेणाऱ्याला दोन्ही स्टिक नीट हाताळता येत नाहीत, आणि काही बिनसले तर नेमकी तीच वेळ दोन्ही स्टिक हाताळण्याची असते. धरणाऱ्याने पाठ वाऱ्याकडे करून उभे राहावे, म्हणजे वाऱ्याचा झोत आलाच तर ड्रोन त्याच्यापासून दूर ढकलला जाईल. ड्रोनची शेपूट माणसांकडे आणि कॅमेरा पलीकडे असावा, जेणेकरून चालकाच्या डाव्या-उजव्याचा गोंधळ होणार नाही आणि घाईत पुढे ढकललेली स्टिक ड्रोनला दूरच नेईल. धरणाऱ्याचे केस बांधलेले, बाह्या आवरलेल्या आणि डोळ्यांवर गॉगल असावा. गळ्यात लोंबणारा पट्टा, ओढणी किंवा उपरणे नको. जाड चामड्याचा हातमोजा उपयोगी पडतो, पण सैल मोजा नसलेलाच बरा, कारण त्याचे टोक पात्यात ओढले जाते.

चालकाने ड्रोन डोक्याहून किंचित वर, हात लांब केल्यावर पोहोचेल एवढ्या अंतरावर आणून पूर्ण स्थिर करावा. त्यानंतर ड्रोन हलणार नाही, हात त्याच्याकडे जाईल, आणि तोही सरळ खालून. बाजूने किंवा वरून कधीच नाही. येथे एक अडचण हमखास येते. पोटाखालच्या सेन्सरला वर येणारा तळवा ही जमीनच वाटते, त्यामुळे अनेक ड्रोन हात जवळ येताच वर सरकतात, आणि मग धरणारा टाचा उंचावून किंवा उडी मारून त्याच्यावर झडप घालतो. ती झडपच बोटांवर बेतते. ज्या मॉडेलमध्ये सोय आहे, तेथे हे खालचे संरक्षण आणि माणूस पाहून मागे हटवणारे बाजूचे सेन्सर आधीच बंद करावेत, आणि पुढच्या उड्डाणापूर्वी ते पुन्हा चालू केल्याची खात्री करावी. ड्रोन सरकला, तर हात खाली घेऊन चालकाला तो पुन्हा स्थिर करू द्यावा.

पाय असलेल्या ड्रोनचा पाय शक्य तितका खाली धरावा. बिनपायाच्या लहान ड्रोनला तळव्याचा आधार देऊन बोटे पोटाच्या कडांशी ठेवावीत. यात अंगठ्यावर विशेष लक्ष हवे, कारण पकड घट्ट करताना चार बोटे जागेवर राहतात आणि अंगठा नकळत वर चढून पात्याच्या पातळीत जातो. पकड बसली, की धरणाऱ्याने मोठ्याने ‘धरला’ म्हणावे आणि त्यानंतरच चालकाने थ्रॉटलची स्टिक पूर्ण खाली दाबून ठेवावी. खाली जाण्याची आज्ञा आहे, पण उंची कमी होत नाही, हे काही सेकंद जाणवल्यावर कंट्रोलर आपण उतरलो असे मानून मोटरी थांबवतो. ते होईपर्यंत हात ताठ, ड्रोन सपाट आणि चेहरा दूर ठेवावा. ड्रोन उलटा केल्यावर काही मॉडेलच्या मोटरी थांबतात, काहींच्या थांबत नाहीत. आपल्या मॉडेलचे माहितीपुस्तक न वाचता ही युक्ती करू नये.

हे सगळे बॅटरीत पुरेशी शक्ती असतानाच जमते. बॅटरी अगदी तळाला गेली, की अनेक ड्रोन स्वतःहून खाली येऊ लागतात, आणि पाण्यावर किंवा गर्दीवर उतरणारा आपला महागडा ड्रोन पाहून माणूस नको ते धाडस करतो. म्हणून हातात उतरवायचे असेल, तर एक-दोन प्रयत्न फसले तरी पुरेल इतका वेळ राखून, साधारण तीस टक्के बॅटरी असतानाच परत फिरावे. वारा पिसाट असेल, जवळ लहान मुले असतील किंवा ड्रोन दीड-दोन किलोंहून जड असेल, तर माझ्या मते विषयच संपला.

तळहातावर उतरण्यासाठीच घडवलेले ड्रोन बाजारात आहेत, हा आक्षेप मला ठाऊक आहे. 2017 मधील डीजेआय कंपनीचा स्पार्क तळहातावर उतरत असे, आणि 2024 मध्ये आलेल्या 135 ग्रॅमच्या डीजेआय निओची पाती तर जाळीदार आवरणात असतात. पण त्यांच्या सॉफ्टवेअरला हात ओळखण्याचे शिकवलेले असते, आणि त्या सवयीने कोणी उघड्या पात्यांच्या एक किलोच्या ड्रोनखाली हात धरला, तर तो ड्रोन त्या हाताला ओळखत नाही.

इजा झालीच, तर स्वच्छ कापडाने जखम दाबून हात उंच धरावा आणि रक्त थांबले तरी रुग्णालय गाठावे, कारण पाते स्नायूबंध किंवा मज्जातंतू कापून गेले असेल, तर वरची जखम लहान दिसूनही बोट वाकत नाही किंवा बधिर राहते. आपल्या तंत्रज्ञानविषयक पानावर ड्रोनच्या कॅमेऱ्याची आणि किमतीची चर्चा नेहमी असते. त्या पानावर तो उतरवण्याच्या या भागालाही थोडी जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक ड्रोन छायाचित्रकार