रविवारची बैठक : जपानी कार्टून मालिका 'मोबाइल सूट गंडाम' (१९७९)

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी जमायचंय. मागच्या वेळी पाऊण तास तुमची वाट पाहण्यात गेला, यंदा ५ म्हणजे ५.

भाग पाहणार आहोत दोनच, पहिला आणि तेरावा. मूळ जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. पहिल्यात पंधरा वर्षांचा आमुरो माहितीपुस्तिका चाळत १८ मीटर उंचीचा यंत्रमानव कसाबसा चालवतो. तेराव्यात तो आईला भेटतो, आणि आपल्या पोराने माणसावर गोळी झाडली हे तिला सोसत नाही. मुलांसाठीच्या कार्टूनमध्ये १९७९ साली हे दाखवलं, म्हणून तोमिनो दिग्दर्शक म्हणून मला मोठा वाटतो.

नव्या सदस्यांसाठी: अंतराळयुद्धात हे यंत्रमानव कुऱ्हाडी-तलवारी घेऊन का भिडतात, हा प्रश्न दर वेळी येतो. कथेतल्या काल्पनिक 'मिनोव्स्की' कणांमुळे रडार निकामी होतं, म्हणून जवळ जाऊनच लढावं लागतं. लेखकांनी काढलेली पळवाट आहे, पण झकास आहे!

मूळ बेत ५२ भागांचा होता. प्रतिसाद थंड, म्हणून ४३ भागांत गुंडाळलं. नंतर पुनःप्रक्षेपणं आणि १९८० पासून आलेल्या बांदाई या खेळण्यांच्या कंपनीच्या, या यंत्रमानवांच्या प्लास्टिक मॉडेल्समुळे नशीब पालटलं.

ज्यांनी मॉडेल जोडलंय त्यांनी ते आणावं, डब्यात नीट बांधून. शेवट फोडणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.