आधी अर्थिंग, मग ग्राइंडर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत घर बांधताना पार्किंगच्या मागं दहा बाय बाराची पत्र्याची खोली काढून तिथं छोटं वर्कशॉप थाटायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. पूर्व भागात तर बंद पडलेल्या यंत्रमागांच्या खोल्याच हाताशी आहेत. हातानं काम करणारी माणसं ही या गावाची खरी पुंजी, त्यामुळे याचा आनंद आहे. पण खर्चाचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो. आधी ग्राइंडर येतो, मग ड्रिल, मग वेल्डिंग मशीन. आणि हे सगळं घराच्या खिडकीतून ओढलेल्या एका एक्स्टेन्शन बोर्डावर चालतं. वायरिंग, अर्थिंग, बाकडं, उजेड आणि सगळ्यात शेवटी यंत्रं, असा क्रम हवा.

वर्कशॉपसाठी मीटरजवळच्या पेटीपासून वेगळी लाइन टाकावी. ४ चौरस मिमी तांब्याची वायर खोलीपर्यंत, तिथं छोटी डीबी (वीज वाटून देणारी पेटी), डीबीपासून १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौरस मिमी आणि दिव्यांना १.५. डीबीत २५ अँपिअरचा मुख्य एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि प्रत्येक सॉकेट-लाइनला १६ अँपिअरचा 'सी' प्रकारचा एमसीबी. घरात दिव्यांसाठी बसवतात तो 'बी' प्रकार मोटर सुरू होतानाच्या झटक्याला पडतो. मग कुणीतरी वैतागून त्या जागी ३२ अँपिअरचा बसवतं. एमसीबी पडायचा थांबतो, पण आता भिंतीतली वायर तापायला लागते. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो, मशीनसाठी नाही. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही बघून घ्या. कमी असेल तर वाढवून घेणं हा एका अर्जाचा विषय आहे. पैसे घेऊन बाहेरची कामं करायची असतील तर घरगुती जोडणीवर ती करू नका.

आता अर्थिंग. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण गैरसमज इथंच सर्वांत जास्त आहेत. "अर्थिंग आहे, एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?" असं चांगले वायरमनही विचारतात. हिशेब सोपा आहे. समजा अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे, म्हणजे घरासाठी उत्तमच. मशीनच्या लोखंडी अंगाला फेज लागली तर २३० भागिले ५, म्हणजे साधारण ४६ अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा 'सी' एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे तो लगेच पडणार नाही, तापून सावकाश पडेल, आणि तोवर मशीनच्या अंगावर वीज राहील. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच तुटते. अर्थिंग नीट असेल तर माणसाचा हात लागायच्या आधीच ती पडते. अर्थिंग आणि आरसीसीबी, दोन्ही हवीत. महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. पडली नाही तर त्याच दिवशी बदला.

आपल्याकडची खास अडचण काळ्या मातीची आहे. चैत्र-वैशाखात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तशीच भेग अर्थिंगच्या पाइपाभोवती पडते. माती पाइपाला सोडून मागं सरते, आणि पावसाळ्यात मोजलेला रोध मे महिन्यात कितीतरी पटींनी वाढलेला असतो. म्हणून ४० मिमीचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप उभा पुरून भोवती कोळसा-मिठाचे थर द्यावेत, तोंडाशी झाकणाची छोटी कुंडी बांधावी आणि फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत आठवड्याला एक बादली पाणी त्यात ओतावं. भांडी धुतलेलं पाणीही चालतं. वायरमनकडून अर्थ टेस्टरनं मोजून घ्यायचं तर एप्रिल-मेमध्ये; ऑगस्टमधलं मोजमाप खोटा धीर देतं.

दुसरा विषय खास सोलापूरचा, मागाच्या जुन्या मोटरचा. भंगारात अर्धा-एक एचपीच्या मोटरी मिळतात आणि ग्राइंडर किंवा पॉलिशसाठी लोक त्या हौसेनं आणतात. मोटरी दणकट असतात, यात शंका नाही. पण त्या थ्री-फेज, ४१५ व्होल्टच्या असतात आणि घरात सिंगल फेज. कपॅसिटर लावून चालवायचा तोडगा गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात ताकद एक तृतीयांशानं तरी घटते, उचल मंद होते आणि वाइंडिंग तापतं. त्यापेक्षा सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देणारा एक एचपीचा व्हीएफडी घ्या. घेण्याआधी मोटरची पाटी वाचा. ४१५ व्होल्टला स्टार जोडणी (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र) लिहिलेली असेल आणि मोटरच्या जोडणीच्या डब्यात सहा टोकं बाहेर असतील, तरच ती डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण) करून २३० वर पूर्ण ताकदीनं चालेल. डब्यातल्या तीन टोकांना आडवी जोडणारी पट्टी काढायची आणि तीन पट्ट्या उभ्या लावायच्या, एवढंच. तीनच टोकं बाहेर असतील तर वाइंडिंग उघडून स्टारचा जोड बाहेर काढावा लागतो. ते रिवाइंडिंगवाल्याचं काम. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच बसवू नका, चालू-बंद व्हीएफडीवरूनच करा. तो बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. झाकण उघडण्याआधी दहा मिनिटं थांबा.

मोटर लावायच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या यंत्रानं) वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध बघा. एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर तिला ओल लागली आहे किंवा ती जळायच्या बेतात आहे. शाफ्ट हातानं फिरवून खरखर ऐका. बेअरिंग बहुधा ६२०४ किंवा ६२०५ निघतं, कडेवर नंबर कोरलेला असतो, तोच आणा. पाटीवरचा वेगही महत्त्वाचा. ९६० फेऱ्यांच्या मोटरचा वेग सहा इंची दगडाला कमी पडतो: दगड भराभर झिजतो, धार मात्र बसत नाही. २८०० फेऱ्यांची असेल तर दगडाच्या कागदावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा त्याहून जास्त आहे ना, हे बघूनच चढवा.

दगडावरून डिस्कवर येतो. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेऱ्या मारतो. चार इंची कटिंग डिस्क १५,००० च्या आसपास सोसते, सात इंची फक्त ८,५०० च्या आसपास. गार्ड काढून छोट्या मशीनवर मोठी, झिजलेली डिस्क चढवायची सवय किती घातक आहे, ते या दोन आकड्यांतच आलं. डिस्क रेझिननं बांधलेली असते. ओल आणि ऊन, दोन्हींनी तो बांध सुटतो. म्हणून तिच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत छापलेली असते, साधारण बनवल्यापासून तीन वर्षांची. विकत घेताना ते कडं उजेडात धरून वाचा. हार्डवेअर दुकानदारांना कळकळीची विनंती आहे, की या डिस्क दारावर उन्हात माळेसारख्या टांगू नका आणि मुदत संपलेल्या स्वस्तात काढू नका. त्या फेकायच्याच असतात. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणं हा तर जिवाशी खेळ आहे. पातं लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं, आणि ते मांडीवर किंवा गळ्यावरच येतं.

बेंच ग्राइंडरचा नवा दगड बसवण्याआधी बोटावर टांगून हत्याराच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोका. टणत्कार आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर काढू नका. दगड आणि काम टेकवायच्या टेकूमधली फट ३ मिमीच्या आत ठेवा, नाहीतर घासायचा तुकडा त्यात ओढला जातो. सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहा. त्यावर अॅल्युमिनियम घासलं की दगडाची छिद्रं बुजतात, मग ड्रेसरनं (दगड खरवडायच्या हत्यारानं) तोंड उघडावं लागतं.

बाकड्याला ५० बाय ५० बाय ५ मिमीचा अँगल आणि वर १९ मिमी प्लायचे दोन थर पुरेत. खोलीत शहाबादी फरशी असेल तर पायाखाली रबर द्या, आणि फरशीवर थेट वेल्डिंग करू नका. आतली ओल तापून टवका उडतो आणि तो डोळ्याच्या दिशेनंच येतो. काळ्या मातीवर मुरमाची पुरेशी भर नसेल तर कोबा दरवर्षी थोडा उठतो-बसतो, त्यामुळे ड्रिल स्टँड जमिनीत न रोवता बाकड्यालाच बोल्ट करा. व्हाइस (काम पकडायचा शिकंजा) चार इंची, बाकड्याच्या पायाच्या बरोब्बर वर. उंची अशी ठेवा, की उभं राहिल्यावर जबड्याची वरची कड कोपराला लागेल. कानस मारताना खांदा भरून येत नाही. स्थिर जबडा बाकड्याच्या कडेच्या किंचित बाहेर हवा, म्हणजे लांब पाइप उभा धरता येतो. लाकडी स्क्रू नकोत, आरपार बोल्ट आणि खाली मोठे वॉशर. दांडीला पाइप घालून आवळू नका. बिडाचा व्हाइस वाकून इशारा देत नाही, सरळ फुटतो.

ड्रिलचं एकच सूत्र पुरे: साध्या लोखंडासाठी ८,००० ला बिटच्या मिमीनं भागा, येतील तेवढ्या फेऱ्या. दहाच्या बिटला ८००, पाचच्या बिटला १६००. पूर्ण वेगानं दहाचं बिट चालवलं की टोक निळं पडतं आणि धार गेली. बोल्टचे आटे (थ्रेड) पाडायचे तर एम ६ ला ५, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५ मिमीचं भोक. वेल्डिंगला घरच्या लाइनवर बारा नंबरची, म्हणजे अडीच मिमीची ई६०१३ कांडी ७० ते ९० अँपिअरवर वापरा. दहा नंबर चालवायची तर १६ अँपिअरचं सॉकेट कमी पडतं. जीआय पाइप जोडायचा असेल तर वरचा जस्ताचा थर घासून काढा आणि दार उघडं ठेवा, त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आता कापसाच्या तुसाबद्दल. मागांच्या शेजारी घर असेल तर हवेतली तूस ग्राइंडरच्या जाळीत, मोटरच्या पंखात, डीबीच्या आत बसत राहते. त्यामुळे मशीन गुदमरून तापतं, आणि त्याच तुसावर ठिणगी पडली तर ती वाळक्या गवतासारखी पेटते. आठवड्यातून एकदा ब्लोअर मारा आणि पत्र्याच्या अँगलवर साठलेली तूस झाडूनं काढा. ग्राइंडर-ड्रिलचे कार्बन ब्रश सहा मिमीपर्यंत झिजले की जोडीनं बदला. ब्रशपाशी ठिणग्यांचं पूर्ण कडं फिरताना दिसलं तर तोवर उशीर झालेला असतो.

आणि खांद्यावरचा टॉवेल. सोलापूरच्या टॉवेलचा अभिमान आहेच, पण त्याची फासेदार लव फिरत्या ड्रिलच्या चकमध्ये क्षणात गुंतते आणि गळ्याभोवतीचा टॉवेल माणसाला सोबत ओढतो. वर्कशॉपच्या दाराशी खिळा ठोका आणि आत जाताना टॉवेल तिथं अडकवा. ड्रिल स्टँड आणि बेंच ग्राइंडरवर हातमोजेही नकोत, याच कारणासाठी. चष्मा मात्र प्रत्येक वेळी, दोन मिनिटांच्या कामालाही.

पारा ४३ वर गेला की पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. त्या खोलीत पेट्रोल, थिनर ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत ठिणगीपर्यंत जाते. दुचाकीही वेल्डिंगच्या वेळी बाहेर काढा. कॉर्डलेस ड्रिलची लिथियम बॅटरी ४० अंशांच्या वर चार्ज करायची नसते, ती घरात पहाटे किंवा रात्री चार्ज करा. अळशीचं तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात. त्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. दाराजवळ, आत नव्हे, आग विझवायचा चार किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर टांगा आणि काटा हिरव्यात आहे का बघत जा.

छोटा कंप्रेसर असेल तर काम संपल्यावर रोज खालचा नळ उघडून पाणी काढा. टाकी आतून, तळाला गंजते. बाहेरचा रंग शाबूत असतो. तळाला गळू लागलेली टाकी वेल्डिंग करून वापरायची नाही, भंगारात द्यायची. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्याला एकदा ओढून सुटते का पाहा.

मृग लागायच्या आठवडाभर आधी पान्हे, कानशी, टॅप-डाय कोरड्या चिंधीनं पुसून मशीन ऑइलचा पातळ हात द्या. कानशी एकमेकींवर रचू नका, दात बोथट होतात. प्रत्येकीला कापडात वेगळी गुंडाळा. व्हर्नियर घरातल्या कपाटात ठेवा, कारण घामाच्या बोटांचे ठसे पहिल्या दमट हवेत जसेच्या तसे गंजून उठतात. पत्र्याच्या खिळ्यांखालचे रबरी वॉशर तपासा. बाकड्यावर पाणी गळायला सुरुवात नेहमी तिथूनच होते, आणि नेमकं ड्रिल मशीनच्या वर.

आपला,
एक वाचक,
जुळे सोलापूर