बिलाचा कागद आणि पोटातले बाळ

संपादक महोदय,

बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे प्लास्टिकमध्ये आणि बिलाच्या कागदावर वापरले जाणारे रसायन. त्याचे नाव काढले की लोकांना जनुके 'बिघडतात' असे वाटते. तसे नाही. जनुकाची अक्षरे तीच राहतात. त्यावरच्या मिथाइलच्या खुणा, म्हणजे जनुक बंद ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, सरकतात आणि बंद असायला हवे ते जनुक चालू राहते. २००७ च्या प्रयोगात गाभण उंदरिणींच्या खाद्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम बिस्फेनॉल घातले, तर पिवळ्या केसांच्या पिल्लांचे प्रमाण वाढले; पिवळा रंग ही जनुक चालू राहिल्याची खूण. जोडीला फॉलिक आम्लासारखे मिथाइल पुरवणारे घटक दिल्यावर हा परिणाम पुसला गेला. २०१३ मध्ये त्याहून फार कमी मात्रेतही पिल्लांच्या मेंदूत फरक दिसला, तोही नर-मादीत वेगवेगळा. माणसांतला पुरावा अजून इतका घट्ट नाही. तरी युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल-एची रोजची सुरक्षित मात्रा २०,००० पटींनी खाली आणली.

आपल्याकडे लक्ष फक्त प्लास्टिकच्या बाटल्यांवर; बिलाच्या कागदाकडे कोणी पाहत नाही. नखाने ओरखडताच काळी रेघ उठते ती थर्मल पावती; तिच्यावरचे बिस्फेनॉल सुटे असते आणि सॅनिटायझरने ओल्या हाताला चटकन लागून त्वचेत उतरते. काउंटरवरच्या गरोदर मुलींना नायट्राइलचे हातमोजे द्यावेत, निदान हात कोरडे होईपर्यंत पावती धरायला लावू नये. 'बीपीए-फ्री' कागदाचेही फार कौतुक नको, त्यात बहुधा त्याच कुळातले बिस्फेनॉल-एस असते.

– एक वाचक