ओंकारला हॉस्टेलला टाकायच्या आधी

डब्लिन

प्रिय दादा-वहिनी,
साष्टांग नमस्कार.

ओंकारला जूनपासून हॉस्टेलला टाकायचं ठरवताय, असं आईकडून कळलं. दादा, पैसे भरायच्या आधी माझं एवढं ऐक.

या वयात पोरं उलटून बोलतातच. पण सततचा राग, प्रत्येक गोष्टीला मुद्दाम नकार, सरांशी हुज्जत, हे सहा महिन्यांच्या वर चाललं असेल तर तपासणी करून घ्यायला हवी. इथं मुलांच्या वॉर्डात असे आईबाप मी नेहमी बघते. हट्टाच्या मागे कधी वाचायची अडचण निघते, कधी अतिचंचलपणा, कधी उदासी. वहिनी, तुम्ही गणिताच्या वहीचा फोटो पाठवलात ना, त्यात आकडेमोड सगळी बरोबर आहे. शाब्दिक उदाहरणं तेवढी कोरी. मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घातल्यापासूनच हे सुरू झालं की! मला तिथंच शंका येते.

उपचारात आईबापांनाही शिकवतात. कशाकडे काणाडोळा करायचा, काय ठाम धरायचं, चांगलं वागला की तिथल्या तिथं कसं बोलून दाखवायचं. शिक्षा छोटी, पण घरात सगळ्यांची एकच. तू मोबाइल काढून घेणार आणि आई संध्याकाळी गुपचूप देणार, मग काय उपयोग? आणि पट्टा आजपासून बंद कर, दादा. मारानं पोर कोडगं होतं.

सुरुवातीला १४४१६ लावा. २०२२ पासूनची, मनाच्या तक्रारींसाठीची सरकारी टेलि-मानस फोनसेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. बेळगावात बिम्स या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स हे मनाच्या आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, खानापुरातून लोंढा-अळणावरमार्गे रेल्वेनं जाता येतं. तुझं कन्नड चांगलं आहे, पण ओंकारला मराठीतच बोलू द्या म्हणून आधीच सांग. मनातलं तो दुसऱ्या भाषेत सांगणार नाही. त्याला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटा सोडा.

आईनं देवरशाकडून आणलेला अंगारा लावायचा तर लावू दे, तिचं मन राहील. डॉक्टर मात्र चुकवू नका. गल्लीत कुणाला काही सांगायची गरज नाही.

जाण्यायेण्याचा खर्च मी पाठवते. तारीख ठरली की कळव, त्या दिवशी मी सुट्टी टाकते.

तुझी,
सुमी